शंभर ग्रॅम कांडीकोळशावर पाच जणांचं जेवण: ऊसपट्ट्यातल्या घरासाठी सराई कुकर

सराई कुकर घ्यावा की नाही, हे कुकरपेक्षा कोळशावर ठरतं. भांडं उत्तम आहे, त्यामागचा विचार त्याहून उत्तम आहे, आणि वाळवा, पलूस, कराड, फलटण या भागात त्याचं जळण, म्हणजे उसाचं वाळलेलं पाचट, दरवर्षी शेतात डोळ्यांदेखत पेटवून दिलं जातं. पण कांडीकोळसा, म्हणजे त्या पाचटाच्या कोळशाच्या भुकटीच्या कांड्या, कुठून आणायचा, कसा पारखायचा आणि पावसाळ्यात कुठे ठेवायचा, एवढं आधी ठरलं नाही तर हा कुकर दोन महिन्यांत माळ्यावर जातो. म्हणून इथे भांड्याइतकंच कोळशाबद्दल लिहिलं आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. स्टेनलेस स्टीलचं बाहेरचं उंच नळकांडं, त्यात तळाशी निखाऱ्यांची जाळी, जाळीच्या वर झाकणाचं भांडं आणि त्या भांड्यात एकावर एक बसणारे डबे. आतल्या भांड्याच्या तळाशी थोडं पाणी असतं, त्याच्या वाफेवर अन्न शिजतं. निखाऱ्यांचे गरम वायू आतलं भांडं आणि बाहेरचं नळकांडं यांच्यातल्या फटीतून वर जातात, म्हणजे उष्णता तळाला लागते तशी बाजूंनाही लागते. कोळसा विझला की तीच फट हवेचं आवरण होते आणि जेवण काही तास गरम राहतं. शिट्टी नाही, रबरी रिंग नाही, दाब नाही.

हा कुकर आला तो आरती, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या पुण्याच्या संस्थेतून. १९९६ साली डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि तिचं ग्रामीण केंद्र आपल्या सातारा जिल्ह्यात, फलटणला आहे. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचं काम तिथे पुढे नेलं ते डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी. पदार्थविज्ञानात पीएच.डी. केलेल्या या शास्त्रज्ञ बाईंनी चूल, जळण आणि धूर हाच आपला विषय मानला. पाचटाच्या कोळशाच्या तंत्रासाठी आरतीला २००२ चा ॲश्डेन हा शाश्वत ऊर्जेच्या कामासाठीचा पुरस्कार मिळाला. पुढे प्रियदर्शिनी कर्वे यांनी पुण्यात समुचित एन्व्हायरोटेक ही कंपनी सुरू केली आणि कामाचा रोख हळूहळू शिक्षणाकडे आणि हवामानबदलाच्या प्रश्नाकडे नेला. शहरातल्या माणसाला आपल्या घरातून किती कार्बन हवेत जातो ते स्वतः मोजता यावं, हा त्यांच्या मांडणीतला कायमचा आग्रह. सराई कुकरकडे त्याच नजरेने पाहायला हवं. पाच जणांच्या जेवणाला शंभर ग्रॅम कोळसा, हा आकडा घरातल्या कुणालाही तराजूवर ताडून पाहता येतो, आणि पर्यावरणाच्या गप्पांत असा आकडा क्वचित हाताला लागतो.

आता वापर. पाच माणसांसाठी ३०० ग्रॅम तांदूळ, १५० ग्रॅम तूरडाळ आणि चिरलेली भाजी असं धरू. डाळ अर्धा ते एक तास भिजवलेली हवी. ती सर्वांत खालच्या डब्यात जाते, कारण तिथे उष्णता लवकर पोचते. मधे तांदूळ, दुप्पट पाण्यात. वर भाजी. डबे पाऊणच भरायचे, नाहीतर डाळ उतू जाऊन खालच्या पाण्यात उतरते आणि भांड्याला करपट वास धरतो. तळाला दीड-दोनशे मिली पाणी पुरतं. जास्त ओतलं तर ते तापवण्यातच निखारे खर्ची पडतात, कमी पडलं तर शेवटच्या पंधरा मिनिटांत भांडं कोरडं तापतं.

कोळसा वजन करून घ्या. अंदाजाने मूठभर टाकायला सुरुवात झाली की आठवड्याभरात शंभराचे दोनशे होतात आणि भात तरीही तसाच लागतो. कांडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. पेटवायला सुक्या करवंटीचे दोन-चार तुकडे किंवा कापराची वडी जाळीच्या तळाशी ठेवायची. रॉकेल नको, त्याचा वास बंद भांड्याभोवती घुटमळत राहतो. हे सगळं उघड्यावर, अंगणात किंवा गच्चीत. पहिली दहा-पंधरा मिनिटं थोडा धूर निघतो. तो थांबला, कांड्यांच्या कडा पांढुरक्या झाल्या आणि मधे लाल दिसू लागलं की मगच भांडं वर ठेवायचं. बहुतेक घरांत इथेच चुकतं. घाईने भांडं ठेवलं की अर्धवट पेटलेल्या कोळशाला हवा कमी पडते, तो कोंडतो, तळ काळा होतो आणि पाऊण तासाने झाकण उघडल्यावर डाळ खडखडीत निघते.

एकदा ठेवलं की तासभर झाकण उघडायचं नाही. दाबाच्या कुकरला मोठी आच मागे असते, उघडून बघितलं तरी तो भरून काढतो. इथे आचेचा साठा मोजका आहे, एकदा वाफ गेली की ती परत तयार करायला निखारे शिल्लक नसतात. बारा-पंधरा मिनिटांनी वाफ येऊ लागली की मधे एकदाच चिमट्याने जाळी हलकी हलवावी. पाचटाच्या कोळशात सिलिका, म्हणजे वाळूत असते तेच खनिज, बरीच असते, त्यामुळे त्याची राख गळून न पडता कांडीच्या आकारातच उभी राहते आणि आतल्या निखाऱ्याला झाकून टाकते. ती झटकली की आच पुन्हा येते.

वारा हाही शत्रूच. माणदेशाच्या बाजूला, खटाव-आटपाडीकडे, उघड्या अंगणात ठेवलेला कुकर वाऱ्याने भराभर जळतो आणि अन्न शिजण्याआधी कोळसा संपतो. भिंतीच्या आडोशाला ठेवला की तोच कोळसा तासभर चालतो.

शंभर ग्रॅम खरंच पुरतो का, ही शंका रास्त आहे. हिशोब करून पाहा. चांगल्या कांडीकोळशात किलोला साधारण साडेचार ते पाच हजार किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साडेचारशे ते पाचशे. पाण्यासकट सुमारे दोन किलो अन्न २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला १३० च्या आसपास लागते, आणि तळाचं १५० मिली पाणी पूर्ण वाफ झालं असं धरलं तर आणखी ८०. एकूण २१० झाले. म्हणजे कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम निम्मी जरी अन्नापर्यंत पोचली तरी जेवण होतं. तीन दगडांच्या चुलीत दहा-पंधरा टक्केच पोचते, बाकी भिंत आणि छप्पर तापवते. सराईत फरक पडतो तो वेढणाऱ्या नळकांड्यामुळे आणि झाकण बंद राहिल्यामुळे. डाळ उकळीला आली की तिला आणखी आच लागत नाही, फक्त तेवढंच तापमान टिकून राहावं लागतं. गॅसच्या मोठ्या शेगडीवर आपण हे रोज विसरतो.

जागेच्या उंचीचा परिणाम मात्र होतो. दाबाच्या कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान मिळतं. सराईत ते पाण्याच्या उकळीपुरतंच, आणि दर ३०० मीटर उंचीमागे ती साधारण एक अंशाने उतरते. सांगलीत हे जाणवत नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. पाचगणी-महाबळेश्वरच्या घरांनी डाळ दोन तास भिजवावी आणि कोळसा १२५ ते १५० ग्रॅम घ्यावा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर कुठेही रात्रभर भिजवणं आणि आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळणं भाग आहे. राजम्याच्या जातीच्या कडधान्यात एक विषारी घटक असतो, तो नीट उकळीनेच जातो. कोळसा मधेच मंदावला आणि घेवडा कोमट पाण्यात तासभर राहिला तर खाणाऱ्याला उलट्या होऊ शकतात.

भाकरी होत नाही, फोडणी होत नाही, खरडा तर नाहीच. ज्या घरात दोन वेळा भाकरी थापली जाते तिथे हा कुकर गॅसची किंवा चुलीची जागा घेणार नाही, वरण-भात-भाजीचा भार तेवढा उचलेल. तो किती, तेही मोजता येतं. पाच माणसांत १४.२ किलोचं सिलिंडर दीड महिना जात असेल तर रोजचा गॅस ३१५ ग्रॅमच्या आसपास. त्यातला तिसरा हिस्सा वरण-भाताचा धरला तर रोज शंभर ग्रॅम, वर्षाला अडीच सिलिंडर. एक किलो गॅस जळला की साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाला ११० किलोच्या आसपास वाचतो. दुचाकीत ४८ लिटर पेट्रोल जाळल्यावर तेवढाच निघतो. घर बदलून टाकणारा हा आकडा नाही, पण खरा आहे, आणि कुकर विकताना याहून मोठे आकडे कुणी सांगू लागलं तर सावध व्हावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. कोळशाला धूर नसतो म्हणून तो निर्धोक वाटतो. तसं नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. कुकर घरात ठेवायचा तर समोरासमोर दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार उघडं पाहिजे. डोकं जड झालं, मळमळलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या, कुकरचं नंतर बघा. आणि थंडीच्या दिवसांत उबेसाठी तो झोपायच्या खोलीत नेऊन ठेवू नका, विझत आलेला असला तरीही. ज्या स्वयंपाकघराला एकच झरोका आहे तिथे हा कुकर अंगणातच वापरावा, यात तडजोड नको.

कोळशाकडे वळू. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. वाढं, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, जनावरं खातात, पाचट खात नाहीत. हेक्टरी आठ-दहा टन निघतं आणि लवकर कुजत नाही, म्हणून तोड झाली की काडी लावली जाते. कर्वे यांच्या तंत्रात हे पाचट झाकणाच्या पत्र्याच्या नळकांड्यांत दाबून भरतात, ती नळकांडी भट्टीत ठेवतात आणि खालून थोड्या सुट्या पाचटाचा जाळ करतात. तापलेल्या पाचटातून वायू निघतो, झाकणाच्या भोकांतून भट्टीत येऊन पेटतो आणि पुढची आच तोच पुरवतो. पाऊण तासाच्या आसपास एक घाणा निघतो. शंभर किलो पाचटातून वीस ते तीस किलो भुकटी मिळते. झाकण सैल असेल तर हवा आत जाऊन सगळी राख होते. वायू न पेटता नुसता पांढरा धूर निघत राहिला तर भट्टी पुरेशी तापलेली नाही, आणि मग हे काम शेतात पाचट पेटवण्यापेक्षा फार स्वच्छ उरत नाही.

भुकटीत खळ मिसळून यंत्रातून कांड्या काढतात. खळीचा स्टार्च भुकटीच्या पाच ते दहा टक्के पुरतो, शेणही चालतं. खळ जास्त झाली की पेटवताना धूर होतो, कमी झाली की कांडी पिशवीतच फुटून भुगा होतो. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवणं आवश्यक आहे.

विकत घेताना दोन गोष्टी करून पाहा. कांडी मोडा. कोरडी असेल तर कट्‌ असा आवाज येतो, ओली असेल तर ती वाकून तुटते. दुसरं, एक किलो नमुना आणून त्यातले शंभर ग्रॅम पूर्ण जाळा आणि राख तोला. पाचटाच्या कोळशात राख असतेच, पाव भाग किंवा थोडी जास्त. चाळीस ग्रॅमच्या वर गेली तर भुकटीत माती आहे. कधी ती वजन वाढवायला घातलेली असते, कधी हार्वेस्टरने तोडलेल्या फडातलं बारीक पाचट मातीसकट गोळा केल्याने येते. कारण काहीही असो, त्या कोळशावर शंभर ग्रॅमचं गणित बसणार नाही. लाकडाचा कोळसाही या कुकरला चालतो, त्याची राख कमी आणि उष्णता जास्त. पण झाड तोडून केलेला कोळसा आणायचा तर एवढा खटाटोप कशाला?

पावसाळ्याचा साठा मे महिन्यातच करावा. दिवसातून एकदा वापर धरला तर चार महिन्यांना बारा किलो पुरतात. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पश्चिमेकडे हवेतल्या ओलीनेच कांड्या मऊ पडतात, म्हणून पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवाव्यात. ओली कांडी पेटताना तडतडते, ठिणग्या उडवते.

कोळशाची अडचण सोडवणारी एक जोड इथे सांगायला हवी. संपदा ही गॅसिफायर शेगडी याच कामातून आली. तिच्यात काटक्या, लाकडाचे तुकडे वरून पेटवतात, त्यातून निघालेल्या वायूवर स्वयंपाक होतो आणि शेवटी तळाशी कोळसा उरतो. तो वेळेवर काढून झाकणबंद डब्यात विझवला तर दुसऱ्या दिवशी सराईत वापरता येतो. भाकरी संपदावर, वरण-भात सराईवर, ही जोडी ज्या शेतघरात काटक्यांची ददात नाही तिथे फार चांगली बसते.

एक प्रश्न मात्र कुकरच्या बाहेरचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पाचट शेतातून उचलावंच का? खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, ठेवणार असाल तर उचलू नका. दहा टन पाचटात ४० ते ५० किलो नत्र आणि ७५ ते १०० किलो पालाश असतं. बुडखे जमिनीलगत छाटून सरीत पाचट पसरावं, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. ओल टिकते, तण दबतं, जमीन सुधारते. कोळसा करावा तो खोडवे संपून मोडायच्या फडातल्या, एरवी पेटवल्याच जाणाऱ्या पाचटाचा. आमच्या मते कांडीकोळशाचा उद्योग उभा करताना हा क्रम उलटा झाला तर नदीकाठच्या, आधीच क्षारपड होत चाललेल्या जमिनींचं नुकसान होईल.

शाळांसाठी या कुकरइतकं सोपं साधन आम्हाला दुसरं दिसत नाही. पर्यावरण शिक्षण औपचारिक शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर सक्तीचं असावं असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्देश १९९१ चा आहे, आणि तरीही बऱ्याच वर्गांत तो विषय प्रकल्पवहीत चित्रं चिकटवण्यापुरता उरतो. इथे एक ग्रॅमचा फरक दाखवणारा तराजू, ११० अंशांपर्यंतचा तापमापक आणि घड्याळ एवढ्यावर आठवीचा वर्ग दोन तासिका खऱ्या कामात घालवू शकतो. कोळसा तोलायचा, तळातलं पाणी तोलायचं, खालच्या डब्यात डाळीऐवजी अर्धा लिटर पाणी ठेवून शेवटी त्याचं तापमान घ्यायचं, राख तोलायची. मग तेवढंच पाणी उघड्या पातेल्यात तेवढ्याच कोळशावर. दोन तक्ते शेजारी ठेवले की झाकणाची किंमत मुलांना सांगावी लागत नाही. कोळसा शिक्षकांनीच मैदानात पेटवावा, कुकर वर्गात आणू नये, आणि नळकांड्याला हात लावू देऊ नये, बाहेरचा पत्राही भाजण्याइतका तापतो.

राख कंपोस्टात जाते, पालाशसाठी ती चांगली. आधी पाणी शिंपडून घ्या. पांढऱ्या राखेत लपलेला एक निखारा कडब्याच्या गंजीला पुरतो.

तर कुणी घ्यावा? ज्यांच्याकडे मोकळं अंगण किंवा गच्ची आहे, रोजच्या जेवणात वरण-भात आहे, आणि कोळशाची सोय गावात, बचत गटाकडे किंवा स्वतःच्या भट्टीवर आहे, त्यांनी निःशंक घ्यावा. वसतिगृहं, शेतावरची वस्ती, ऊसतोडीच्या टोळ्या यांच्यासाठी तर तो फारच उपयोगी आहे, कारण सकाळी लावून एकदा जाळी हलवली की कामाला गेलं तरी काही होत नाही, कोळसा संपला की तो आपोआप विझतो. फ्लॅटमध्ये बंद बाल्कनी असलेल्यांनी घेऊ नये. घेताना डब्यांची संख्या आणि माप घरातल्या माणसांशी जुळतं का पाहा, झाकण सगळीकडून टेकतं का ते बोट फिरवून बघा, आणि निखाऱ्यांची जाळी सुटी मिळते का ते आधीच विचारा. बाकी भांडं वर्षानुवर्षं टिकतं, पण थेट निखाऱ्यावर असल्यामुळे सर्वांत आधी जाळीच खराब होते.